फायरवॉल, क्लाउडफ्लेअर की शील्ड? नाशिकच्या एका बुकिंग साइटसाठी डीडॉस संरक्षणाची तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमध्ये हॉटेल आणि यात्री निवासाच्या बुकिंगची साइट आहे. साइट मुंबईच्या डेटा सेंटरमधल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) चालते. ईआरपी (धंद्याच्या व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर), हिशेब आणि कर्मचाऱ्यांचा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसशी जोडणारा खाजगी मार्ग) अंबड एमआयडीसीतल्या ऑफिसच्या सर्व्हरवर आहे आणि तिथे १०० एमबीपीएसची लीज लाइन आहे. सिंहस्थ तोंडावर आलाय आणि ‘पैसे पाठवा, नाहीतर साइट पाडू’ असा मेलही आलाय, म्हणजे डीडॉसची धमकी: असंख्य यंत्रांकडून एकदम वाहतूक पाठवून साइट बंद पाडणं. समोर तीन कोटेशन आहेत: ऑफिससाठी ‘अँटी-डीडॉस’ फायरवॉल, साइटसाठी क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहून वाहतूक गाळणारी सेवा), किंवा सगळं ॲमेझॉनच्या क्लाउडवर हलवून त्यांची शील्ड ॲडव्हान्स्ड ही डीडॉस संरक्षणाची सेवा. यातलं काय घ्यावं?

साइटसाठी क्लाउडफ्लेअर घ्या, पण ते बसवल्यावर मूळ सर्व्हरचा आयपी बदला. तो बदलला नाहीत तर बाकीचा खटाटोप वाया जाईल. फायरवॉलचं कोटेशन डीडॉसच्या नावाखाली मंजूर करू नका. ऑफिसचा प्रश्न आयएसपीशी (इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीशी) बोलून आणि टनेल टाकून (ते पुढे सांगतो) सुटतो. शील्ड ॲडव्हान्स्ड तुमच्या आकाराच्या धंद्याला आज लागत नाही. आता कारणं सांगतो, कारण ती कळली तर पुढच्या वर्षी येणारं चौथं कोटेशनही तुम्हाला स्वतःला तपासता येईल.

ब्रँडची तुलना करण्याआधी एकच गोष्ट बघायची: हल्ला झाला तर आधी काय तुंबणार? लाइन तुंबेल, कनेक्शनचं टेबल भरेल किंवा ॲप्लिकेशन दमेल. साधन हे त्या तुंबणाऱ्या जागेच्या आधी बसलेलं असलं पाहिजे. द्वारका चौकात गाड्या अडकल्या असतील तर हॉटेलच्या गेटवर वॉचमन वाढवून पाहुणे लवकर पोहोचत नाहीत. ऑफिसातली फायरवॉल नेमकी त्या वॉचमनच्या जागी बसते: १०० एमबीपीएसच्या लाइनच्या आतल्या टोकाला. बाहेरून ५०० एमबीपीएस आले की आयएसपीच्या राउटरवरच तुमचे चांगले पॅकेट (वाहतुकीचे छोटे तुकडे) गळायला लागतात, आणि फायरवॉल कितीही हुशार असली तरी तिच्यापर्यंत काही पोहोचतच नाही.

५०० एमबीपीएस जमवायला हल्लेखोराला फार काही लागत नाही. एनटीपी या घड्याळं जुळवणाऱ्या सेवेच्या जुन्या ‘मॉनलिस्ट’ सोयीचा गैरवापर केला तर छोट्या विनंतीला साडेपाचशे पटींपर्यंत मोठं उत्तर मिळतं. मेमकॅश्ड (डेटा मेमरीत ठेवणारं सॉफ्टवेअर) कुठे इंटरनेटवर उघडं राहिलं असेल तर हे प्रमाण ५१,००० पटींपर्यंत जातं. हल्लेखोर पाठवणारा पत्ता म्हणून तुमचा आयपी लिहितो आणि उत्तरं तुमच्या अंगावर येतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये गिटहबवर असाच १.३५ टेराबिट प्रति सेकंदाचा लोंढा आला, तेव्हा त्यांनी वाहतूक अकामाईच्या प्रोलेक्सिक या हल्ला गाळणाऱ्या सेवेकडे वळवली आणि काही मिनिटांत सावरले. म्हणजे तिथेही इलाज लाइनच्या वरच्या अंगालाच होता.

दुसरी जागा म्हणजे कनेक्शनचं टेबल, चालू कनेक्शनची यादी. इथे एमबीपीएसपेक्षा पॅकेटची संख्या महत्त्वाची. सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेमनी १०० एमबीपीएसची लाइन भरली तर सेकंदाला साधारण १,४८,८०० पॅकेट होतात. प्रत्येक पॅकेट नव्या कनेक्शनची सिन विनंती असेल तर स्टेटफुल फायरवॉल प्रत्येकाची नोंद करत बसते आणि तिचंच टेबल आधी भरतं. डीडॉससाठी घेतलेली फायरवॉल डीडॉसमध्ये सर्वांत आधी झोपते ती अशी. कोटेशनमध्ये ‘थ्रूपुट ५ जीबीपीएस’ लिहिलेलं असतं, ते मोठ्या पॅकेटचं. विक्रेत्याला दोन आकडे लेखी मागा: सेकंदाला किती नवी कनेक्शन आणि एकूण किती समांतर कनेक्शन.

लिनक्स सर्व्हरवर याचं लक्षण ओळखायला सोपं आहे. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘एनएफ कॉनट्रॅक: टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ ही ओळ दिसते (कॉनट्रॅक म्हणजे हेच कनेक्शनचं टेबल), सीपीयू निवांत असतो आणि तरी साइट उघडत नाही. सिन कुकीज, म्हणजे जागा न अडवता विनंतीला उत्तर देण्याची सोय, बहुतेक ठिकाणी आधीच चालू असतात (मूल्य १), पण अर्धवट कनेक्शनची रांग भरल्यावरच त्या कामाला लागतात. सिन-ॲक, म्हणजे सिनचं उत्तर, पुन्हा पाठवण्याची संख्या मुळात ५ असते. त्यामुळे एक खोटं अर्धवट कनेक्शन ६३ सेकंद जागा अडवतं. ती २ केली की ७ सेकंदांत जागा मोकळी होते. कॉनट्रॅकची मर्यादा वाढवा, आणि वेब पोर्टसाठी आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलचं सिनप्रॉक्सी (कनेक्शन पूर्ण झाल्यावरच पुढे सोडणारं) वापरता आलं तर उत्तम. हे सगळं फुकट आहे आणि अर्ध्या तासात होतं. फक्त लाइन भरलेली असेल तर याचा उपयोग शून्य.

तिसरी जागा म्हणजे ॲप्लिकेशन; ती तुमच्यासाठी सर्वांत धोक्याची, आणि नेमकी तीच कोटेशनमध्ये कुठे दिसत नाही. तुमच्या साइटवर ‘तारखेनुसार रिकाम्या खोल्या’ शोधण्याचं पान आहे. समजा डेटाबेसला ५० कनेक्शन दिलेली आहेत आणि एका शोधाला ४०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ शोध. दर वेळी वेगळ्या तारखा टाकून कोणी सेकंदाला १५० विनंत्या केल्या की रांग लागते आणि मग मुख्य पानही उघडत नाही. एक विनंती एक किलोबाइटची धरली तर हा सगळा हल्ला जेमतेम सव्वा एमबीपीएसचा. आयएसपीच्या आलेखावर तो दिसणारही नाही, टेराबिटचं संरक्षण देणाऱ्या सेवेलाही तो आपोआप ओळखता येईलच असं नाही, कारण प्रत्येक विनंती दिसायला अगदी सभ्य असते.

म्हणून कुठलंही साधन विकत घेण्याआधी डेव्हलपरकडून एवढं करून घ्या: शोधाचा निकाल ३० सेकंद कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवा, एका शोधात जास्तीत जास्त १५ रात्रींची मर्यादा घाला, डेटाबेस क्वेरीला २ सेकंदांचा टाइमआउट द्या, तारीख आणि मालमत्ता या दोन्हींवर मिळून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का ते तपासा. खोली खरोखर अडवताना मात्र कॅश न वापरता ताजी तपासणी करा, नाहीतर एकच खोली दोघांना विकली जाईल. ४०० मिलिसेकंदांचा शोध ४० वर आला की तुमची क्षमता दहा पट झाली. अमृतस्नानाच्या तारखांना जी खरी गर्दी येणार आहे तिलाही हेच उपयोगी पडेल. ओटीपीचं पान विसरू नका. तिथे हल्ला झाला तर साइट पडत नाही, एसएमएसचं बिल वाढतं. एका मोबाइल नंबरला १० मिनिटांत ३ ओटीपी पुरेत, आणि दिवसाच्या एकूण एसएमएसवरही एक कमाल मर्यादा ठेवून ती ओलांडली की कोणाला तरी फोन गेला पाहिजे.

आता क्लाउडफ्लेअर. २०१७ पासून त्यांच्याकडे हल्ल्याची वाहतूक मोजून पैसे लावत नाहीत, फुकट प्लॅनमध्येसुद्धा. लाइन आणि कनेक्शन या दोन्ही जागांचा प्रश्न त्यांच्या नेटवर्कवरच मिटतो, कारण वेबची वाहतूक तुमच्या सर्व्हरपर्यंत थेट येतच नाही. फरक पडतो तो तिसऱ्या जागेला. फुकट प्लॅनमध्ये रेट लिमिटचा, म्हणजे एका पत्त्याकडून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादेचा, एकच नियम मिळतो आणि तो १० सेकंदांच्या खिडकीवर मोजतो; कस्टम नियम पाच. प्रो प्लॅन वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिन्याला २० डॉलर, नाहीतर २५. त्यात व्यवस्थापित वॅफ (वेब विनंत्या तपासणारी फायरवॉल) नियमांचा पूर्ण संच आणि २० कस्टम नियम येतात. बुकिंग साइटला प्रो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. शोधाला एक, ओटीपी-लॉगिनला एक असे दोन रेट लिमिट तरी लागतातच.

‘अंडर अटॅक मोड’ म्हणून एक बटण आहे. ते दाबलं की प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरला आधी एक तपासणी पार करावी लागते. माणसं पार करतात. पेमेंट गेटवेचा वेबहुक (पैसे भरल्याची आपोआप येणारी सूचना), चॅनल मॅनेजर (इतर बुकिंग साइटशी खोल्या जुळवणारं सॉफ्टवेअर) आणि तुमचं मोबाइल ॲप करत नाहीत. मग पैसे कापले जातात, बुकिंग ‘प्रलंबित’ राहतं आणि फोन वाजायला लागतात. म्हणून त्या मार्गांना तपासणीतून वगळणारा नियम आजच बनवून ठेवा आणि वेबहुकची सही सर्व्हरवर तपासा.

बसवण्याचा क्रम चुकला की सगळं फसतं. आधी डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी नोंद) त्यांच्याकडे न्या आणि वेबचे रेकॉर्ड प्रॉक्सीमागे, म्हणजे नारिंगी ढगावर टाका. एक-दोन दिवस लॉग बघा. मग व्हीपीएसवाल्याकडून नवा आयपी घ्या आणि जुना सोडून द्या. जुना आयपी डीएनएसच्या इतिहासात कायमचा नोंदलेला असतो. हल्लेखोर तिथे बघतो आणि क्लाउडफ्लेअरला वळसा घालून थेट सर्व्हर गाठतो. नवा आयपी फुटण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मेल त्याच सर्व्हरवर असेल तर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायचा याची नोंद) त्याचा पत्ता सांगतो, त्यामुळे मेल वेगळ्या सेवेवर न्या. बुकिंगच्या कन्फर्मेशन मेलचे हेडर उघडून बघा, त्यात सर्व्हरचा आयपी छापला जातो का. सीपॅनेल, एफटीपी, टेस्ट असे उपडोमेन करड्या ढगावर, म्हणजे प्रॉक्सीबाहेर, राहिलेत का ते पाहा. आणि सर्व्हरवर आयपी टाकून थेट उघडलं की तुमचं प्रमाणपत्र दिसत असेल, तर इंटरनेट स्कॅन करणाऱ्या सेवा तुमची नोंद करून मोकळ्या होतात.

त्यासाठी व्हीपीएसच्या फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट फक्त क्लाउडफ्लेअरने जाहीर केलेल्या आयपी श्रेणींनाच उघडे ठेवा. शक्यतो सर्व्हरच्या आतली फायरवॉल नको, होस्टिंगवाल्याच्या नेटवर्कवरची वापरा. एवढंही पुरेसं नाही: तुमचा आयपी माहीत असलेला कोणीही स्वतःचं क्लाउडफ्लेअर खातं उघडून त्यांच्याच श्रेणीतून तुमच्याकडे येऊ शकतो. म्हणून ‘ऑथेंटिकेटेड ओरिजिन पुल्स’ स्वतःच्या प्रमाणपत्रासह चालू करा, म्हणजे तुमच्याच खात्यातून आलेली विनंती सर्व्हर स्वीकारेल.

इथे एक चूक हमखास होते. प्रॉक्सी लावल्यावर एनजिनेक्स या वेब सर्व्हरला प्रत्येक विनंती क्लाउडफ्लेअरच्या आयपीवरून आलेली दिसते. खरा आयपी हेडरमधून वाचण्याची सेटिंग केली नाही, तर तुमचं जुनं ‘लिमिट रेक’ (एनजिनेक्सची विनंत्यांवरची मर्यादा) हजारो पाहुण्यांना एकच माणूस समजून अडवतं. फेल-टू-बॅन (संशयी आयपी बंद करणारा प्रोग्राम) तर क्लाउडफ्लेअरचेच पत्ते बंद करून टाकतं. सेटिंग करताना तो हेडर फक्त क्लाउडफ्लेअरच्या श्रेणींकडूनच खरा माना, नाहीतर कोणीही हवा तो आयपी लिहून पाठवेल.

आयपीवर मर्यादा घालताना आपल्याकडची परिस्थिती ध्यानात ठेवा. मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही४ चा एकच पत्ता असंख्य ग्राहकांत वाटलेला असतो. पंचवटीतून आणि सिन्नरमधून बुकिंग करणारी वेगवेगळी कुटुंबं तुम्हाला एकाच पत्त्यावरून आलेली दिसू शकतात. ‘मिनिटाला १० विनंत्या’ असली परदेशी लेखांतून उचललेली मर्यादा इथे खऱ्या ग्राहकालाच मारते. गेल्या महिन्याचे लॉग घ्या, शोधाच्या पानावर एका आयपीकडून एका मिनिटात सर्वाधिक किती विनंत्या आल्या ते काढा, आणि त्याच्या तिप्पट मर्यादा ठेवा. एनजिनेक्समध्ये सुरुवातीला सेकंदाला २, बर्स्ट (एकदम चालणाऱ्या जादा विनंत्या) २० आणि ‘नोडिले’ (त्या न थांबवता सोडणं) हे चालून जातं. १० एमबीच्या झोनमध्ये (पत्त्यांच्या नोंदीच्या मेमरीत) ६४ बिट सर्व्हरवर साधारण ८० हजार पत्ते मावतात. नाकारल्यावर मुळात ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा कोड जातो, तो ४२९ (फार विनंत्या) करा. नाहीतर लॉग वाचताना सर्व्हर पडला की मर्यादा लागली हे कळत नाही. आयपीव्ही६ वर पूर्ण पत्ता मोजू नका, /६४ चा (पहिले ६४ बिट सारखे असलेल्या पत्त्यांचा) गट मोजा, कारण एकाच जोडणीला अब्जावधी पत्ते बदलता येतात. परदेशी आयपी सरसकट बंद करण्याचा मोह होईल. करू नका. त्यात गुगलबॉट जातो, परदेशातून आईवडिलांसाठी खोली बघणारी मुलं जातात. त्यांना तपासणी लावा, आणि ओळखीचे बॉट वगळा.

ॲमेझॉनच्या बाबतीत शील्ड स्टँडर्ड आणि ॲडव्हान्स्ड यांची गल्लत होते. स्टँडर्ड सगळ्यांना आपोआप आणि फुकट मिळतं; नेटवर्क आणि ट्रान्सपोर्ट पातळीचे नेहमीचे हल्ले ते अडवतं. ॲडव्हान्स्डला महिन्याला ३,००० डॉलर आणि वर्षाची बांधिलकी. म्हणजे अडीच लाख रुपयांच्या पुढे, शिवाय डेटा ट्रान्सफर वेगळा. त्यात हल्ल्यामुळे वाढलेल्या बिलाची भरपाई मागता येते आणि त्यांच्या प्रतिसाद पथकाची मदत मिळते, पण पथकासाठी वरच्या दर्जाचा सपोर्ट प्लॅनही घ्यावा लागतो. ज्यांचा सगळा कारभार आधीच ॲमेझॉनवर पसरलेला आहे आणि ऑटोस्केलिंगचं (गर्दीनुसार आपोआप वाढणाऱ्या सर्व्हरचं) बिल फुगण्याची खरी भीती आहे, त्यांना हे परवडतं. तुमची साइट ॲमेझॉनवर नाहीच. पुढे कधी गेलात तर क्लाउडफ्रंट (साइटच्या पुढे बसणारं त्यांचं नेटवर्क) आणि त्यांचा वॅफ पुरतील: वॅफचे एका एसीएलला (नियमांच्या संचाला) महिन्याला ५ डॉलर, प्रत्येक नियमाला १ डॉलर आणि दहा लाख विनंत्यांना ६० सेंट. इथे मात्र अडवलेल्या विनंतीचेही पैसे लागतात, हे क्लाउडफ्लेअरपेक्षा वेगळं.

मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडमध्ये एका आयपीचं संरक्षण महिन्याला १९९ डॉलर आणि नेटवर्कचं २,९४४ डॉलर आहे. वॅफ दोन्हींत वेगळा घ्यावा लागतो. प्रोलेक्सिक, मॅजिक ट्रान्झिट यांसारख्या स्क्रबिंग (वाहतूक गाळून देणाऱ्या) सेवा पूर्ण नेटवर्क वाचवतात, पण त्यांना सहसा तुमची स्वतःची किमान /२४ (२५६ पत्त्यांची) आयपी श्रेणी आणि बीजीपी (नेटवर्कांमध्ये मार्ग जाहीर करण्याची पद्धत) लागतं. नाशिकमधल्या स्थानिक केबल-ब्रॉडबँड आयएसपीने त्यांचा विचार करावा, हॉटेलने नाही. अशा आयएसपीला फास्टनेटमॉनची फुकट आवृत्तीही चांगली सुरुवात आहे: राउटरकडून नेटफ्लो (वाहतुकीच्या नोंदी) घेऊन कोणत्या आयपीवर हल्ला आहे ते थोड्याच वेळात सांगते.

आता अंबडचं ऑफिस. ईआरपी ब्राउझरमध्ये चालत असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल टाका. ऑफिसमधला छोटा प्रोग्राम आतून बाहेर कनेक्शन करतो, त्यामुळे राउटरवर एकही पोर्ट उघडा ठेवावा लागत नाही. समोर लॉगिनची पायरी लावता येते आणि ती ५० जणांपर्यंत फुकट आहे. याचा खरा फायदा लाइन भरल्यावर कळतो. टनेलला स्थिर आयपी लागत नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीचं साधं फायबर ब्रॉडबँड ऑफिसात असेल तर राउटर त्यावर वळतो आणि ईआरपी परत चालू होतो. फायरवॉलच्या कोटेशनच्या तुलनेत ही दुसरी लाइन किरकोळ खर्चाची आहे.

लीज लाइन देणाऱ्या आयएसपीला आजच विचारा: हल्ला झाल्यास ब्लॅकहोल कोण आणि किती मिनिटांत लावतं? फ्लोस्पेक आहे का, म्हणजे सगळा आयपी बंद न करता फक्त यूडीपी १२३ किंवा ११२११ वरून (एनटीपी आणि मेमकॅश्डच्या पोर्टवरून) येणारी वाहतूक अडवता येईल का? क्लीन पाइप (वाहतूक गाळून देण्याची सेवा) असेल तर तो कायम चालू असतो की मागितल्यावर? नवा आयपी रात्री दोनला मिळेल का? ब्लॅकहोल म्हणजे त्या आयपीची सगळी वाहतूक फेकून देणं. हल्लेखोराला हवं तेच त्या पत्त्यापुरतं होतं, पण बाकीचे पत्ते वाचतात. म्हणून व्हीपीएन, कॅमेरे आणि ईआरपी एकाच आयपीवर ठेवू नका. आयएसपीच्या एनओसीचा (नेटवर्क कक्षाचा) नंबर आणि तुमच्या लाइनचा सर्किट आयडी कागदावर लिहून सर्व्हर रॅकवर चिकटवा. त्या वेळी मेल उघडेलच असं नाही.

धमकीच्या मेलला उत्तर देऊ नका, पैसे तर मुळीच नकोत. मेल पूर्ण हेडरसकट जपून ठेवा. हल्ला झालाच तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवणं बंधनकारक आहे आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. व्हीपीएसवरचं लॉग रोटेशन (जुने लॉग आपोआप पुसणं) बऱ्याचदा १४ दिवसांवर असतं, ते तपासा. तक्रार नाशिक शहर सायबर पोलीस ठाण्यात करा; माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे.

चाचणीसाठी कुठलीही ‘स्ट्रेसर’ (भाड्याने लोंढा सोडणारी) साइट वापरू नका. तीच माणसं हल्ले विकतात आणि ती चाचणीही बेकायदाच ठरते. साइटची वेगळी प्रत काढा, व्हीपीएसवाल्याला लेखी कळवा आणि के-सिक्स या चाचणीच्या प्रोग्रामने शोधाच्या पानावर सेकंदाला ५० पासून विनंत्या वाढवत न्या. मग चालू साइटवर मोबाइल डेटावरून एक पूर्ण बुकिंग करा, अंडर अटॅक मोड लावून पुन्हा करा, आणि पैसे भरल्याचा वेबहुक आला का ते लॉगमध्ये बघा. साइटच्या पत्त्यापुढे ‘/सीडीएन-सीजीआय/ट्रेस’ इंग्रजीत टाकून उघडलं तर ‘कोलो’च्या ओळीत तुमची वाहतूक कुठल्या शहरातून जाते ते दिसतं, मुंबईसाठी बीओएम. जिओ, एअरटेल आणि ऑफिसची लाइन या तिन्हींवरून ते बघून ठेवा, म्हणजे उद्या साइट संथ वाटली तर तो हल्ला आहे की फक्त लांबचा रस्ता, हे दोन मिनिटांत सांगता येईल.